धोक्याचे गुण आणि गगनबावड्याचा रस्ता

कोल्हापुरातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूबाहेर तासभर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "बहात्तर तास जाऊ देत, मग काय ते सांगता येईल." एवढं सांगून डॉक्टर आत जातात आणि बाकड्यावरची मंडळी बोटं मोजू लागतात. मंगळवारी रात्री आणलं, म्हणजे शुक्रवारची रात्र. मधेच गावाकडनं फोन येतो, "धोका टळला न्हवं?" इकडून उत्तर जातं, "अजून बहात्तर तास झालं न्हाईत."

हे बहात्तर तास म्हणजे आपल्याकडचा तोंडी रिस्क स्कोअर. तो अगदीच निराधार नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे बरेचसे मृत्यू सुरुवातीच्या दिवसांतच होतात, ठोक्यांची लय तेव्हाच बिघडते, रक्तदाब तेव्हाच कोसळतो. पण हा आकडा सगळ्यांना एकच. शिरोलीच्या फौंड्रीतला बेचाळीस वर्षांचा कामगार आणि मूत्रपिंडं थकलेली पंच्याहत्तर वर्षांची आजी, दोघांच्याही नातेवाइकांना तेच बहात्तर तास मिळतात. तीन दिवसांनी दोघंही जिवंत असली तरी त्यांचा पुढचा धोका सारखा नसतो. तो किती वेगळा आहे हे सांगण्यासाठी वैद्यकशास्त्राने गेल्या पन्नास-साठ वर्षांत गुणांचे तक्ते तयार केले. हे तक्ते कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात कशासाठी वापरावेत आणि कशासाठी वापरू नयेत, यावर माझं एक ठाम मत आहे. पण आधी तक्त्यांकडे वळू.

१९६७ साली न्यूयॉर्कच्या थॉमस किलिप आणि जॉन किमबॉल या डॉक्टरांनी झटका आलेल्या २५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांचे चार वर्ग केले आणि त्यासाठी स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र आणि डोळे-हात यापलीकडे फारसं काही लागत नव्हतं. फुफ्फुसं स्वच्छ असतील तर पहिला वर्ग. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर खालच्या भागात बारीक चरचर ऐकू आली, म्हणजे फुफ्फुसात पाणी साचू लागलं, तर दुसरा. फुफ्फुसं पाण्याने भरून दम कोंडत असेल तर तिसरा. अंग गार, घामेजलेलं, रक्तदाब पडलेला, लघवी बंद, म्हणजे शॉक असेल तर चौथा. त्या रुग्णालयात दगावणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या वर्गात ६ टक्के, दुसऱ्यात १७, तिसऱ्यात ३८ आणि चौथ्यात ८१ टक्के होतं. उपचार सुधारले तसे हे आकडे खाली आले. चढण मात्र आजही तशीच आहे.

२००० साली बोस्टनच्या गटाने 'टिमी' स्कोअर मांडला. तोही साधा. वय ६५ ते ७४ असेल तर २ गुण, ७५ च्या पुढे ३. वरचा रक्तदाब १०० च्या खाली असेल तर ३. नाडी १०० च्या वर, २. किलिपचा दुसरा किंवा त्यावरचा वर्ग, २. मधुमेह, रक्तदाब किंवा आधीपासून छातीत दुखण्याचा त्रास यांपैकी काहीही, १. ईसीजीत हृदयाच्या पुढच्या भागाला मार बसलेला दिसला, १. वजन ६७ किलोपेक्षा कमी, १. दुखायला लागल्यापासून उपचार सुरू व्हायला चार तासांहून जास्त वेळ गेला, १. एकूण १४. शून्य गुण असलेल्यांत महिन्याभरात दगावणारे ०.८ टक्के, तीन गुणांना ४.४, पाचांना १२.४, आठांना २६.८ आणि आठाच्या वर ३५.९ टक्के.

तिसरा 'ग्रेस'. १४ देशांतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून तो उभा राहिला. २००३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यामागे ११,३८९ रुग्णांची माहिती होती. वय, नाडी, रक्तदाब, किलिपचा वर्ग, ईसीजीतला बदल, दाखल होताना हृदय बंद पडलं होतं का, आणि रक्ताच्या दोन तपासण्या, क्रिएटिनिन व हृदयाची एन्झाइम्स, असे आठ घटक. दगावलेला एक रुग्ण आणि वाचलेला एक रुग्ण अशा शंभर जोड्या घेतल्या, तर त्यातल्या सुमारे ८३ जोड्यांत दगावलेल्याचे गुण जास्त निघतात. नुसता अंदाज बांधला तर पन्नास निघतील. वैद्यकात इतकं नेमकं बोलणारं साधन विरळा.

"आम्ही रुग्ण बघितला की कळतं, गुण कशाला मोजायचे?" असं सांगणारे ज्येष्ठ डॉक्टर प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्या नजरेचा मला आदर आहे. पण १९५४ सालीच पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तज्ज्ञाचा अंदाज आणि साधं सांख्यिकी सूत्र यांची तुलना करणारे उपलब्ध अभ्यास एकत्र ठेवून दाखवलं होतं की सूत्र बहुतेक वेळा तज्ज्ञाच्या बरोबरीचं किंवा वरचढ ठरतं. सूत्राला परवा दगावलेला रुग्ण आठवत नाही, रात्री तीनची झोप येत नाही आणि समोरचा माणूस ओळखीचा आहे की अनोळखी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जाता जाता एक गोष्ट कोल्हापूरकरांसाठी. अशा स्कोअरमधले गुण ठरवण्यासाठी संख्याशास्त्रात जी 'कमाल संभाव्यते'ची पद्धत वापरतात, ती कधी विश्वासार्ह ठरते याची एक महत्त्वाची गणिती मांडणी वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९४८ साली केली. त्यांचा जन्म १९१९ चा, कोल्हापूरचा. पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग त्यांनीच उभा केला. गावात त्यांचं नाव पैलवानांइतकं निघत नाही, याचं वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे तक्ते परदेशी माणसांवरून बनले, ते आपल्याला लागू पडतील का? 'ग्रेस'च्या सुरुवातीच्या १४ देशांत भारत नव्हता. या प्रश्नाचं उत्तर ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला चटकन कळेल. कारखान्याचा काटा प्रत्येक ट्रॉलीमागे दोन क्विंटल कमी दाखवत असला, तरी कुठली ट्रॉली जड आणि कुठली हलकी हे तो बरोबरच सांगतो. क्रम चुकत नाही, बिल चुकतं. परदेशी स्कोअरचंही बऱ्याच अंशी असंच आहे. कोल्हापूरच्या दोन रुग्णांत जास्त धोक्यात कोण, हे तो ठीक सांगेल. पण 'याला १२ टक्के धोका' हा आकडा इथल्या काट्यावर तपासून घेतल्याशिवाय तसाच मानायचं कारण नाही.

६७ किलोचीच अट बघा. पाश्चात्य रुग्णांमध्ये ६७ च्या आत वजन असणं हे बहुधा म्हातारपणाचं, अशक्तपणाचं किंवा लहान चणीचं लक्षण. आपल्या जिल्ह्यातल्या शेतावर राबणाऱ्या माणसाचं, इचलकरंजीच्या मागावर उभं राहणाऱ्या माणसाचं वजन मुळात तेवढंच असतं. बायकांचं तर बहुतेक त्याच्या आतच. म्हणजे दारात पाऊल ठेवताच निम्म्याहून जास्त लोकांना एक गुण फुकट मिळतो. वयाचं याच्या उलट. 'टिमी' आणि 'ग्रेस' या दोन्हींत वय हा सर्वात जड घटकांपैकी एक आहे, आणि आपल्याकडे झटका लवकर येतो. ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला आढळला, इतरांना त्याहून पाच-सहा वर्षांनी. त्यामुळे आपला पंचेचाळिशीतला रुग्ण कागदावर 'कमी धोक्याचा' ठरतो आणि सगळे सैल होतात. त्याच्यामागे शाळेतली दोन पोरं आणि विकास सोसायटीचं कर्ज असतं, याला कुठल्याच तक्त्यात गुण नाहीत. बायकांच्या बाबतीत तर खुद्द युरोपातच खोट सापडली. २०२२ मध्ये ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून दिसलं की 'ग्रेस' स्त्रियांचा धोका कमी दाखवतो. त्यानंतर स्कोअरची सुधारित आवृत्ती आणावी लागली. आपल्याकडे तर बाईचं छातीतलं दुखणं आधी पित्त ठरतं, मग गॅस, मग दगदग, आणि मग कुठे ईसीजी.

तरीही हे तक्ते फेकून द्यावेत असं मी म्हणत नाही. त्यांचा खरा दोष वेगळाच आहे आणि तो सहज दिसत नाही. त्यासाठी एक हिशेब मांडून बघू.

समजा, गगनबावडा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरचा ५८ वर्षांचा शेतकरी आहे. वजन ६१ किलो, मधुमेह आहे. पहाटे चारला छातीत कळ येते, हृदयाच्या पुढच्या भागाचा झटका. घरात शहाणं माणूस आहे, गाडी दारात आहे, रस्ता कोरडा आहे. दोन तासांच्या आत तो अशा ठिकाणी पोचतो जिथे ईसीजी निघतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळतं. तेव्हा रक्तदाब १३०, नाडी ८८, फुफ्फुसं स्वच्छ. गुण मांडा: मधुमेहाचा १, पुढच्या भागाचा १, वजनाचा १. एकूण ३. महिन्याभरात दगावण्याची शक्यता ४.४ टक्के.

आता तोच माणूस, तीच कळ. पण आधी सोडा-लिंबू पिऊन बघितलं, मग उजाडायची वाट बघितली, मग भावकीतल्या कुणाची तरी गाडी मिळाली. जवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन दिलं. तिथून "कोल्हापूरला न्या" असं सांगितलं. मांडुकलीजवळ कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर, म्हणून वळसा. पाच-साडेपाच तासांनी तो मोठ्या रुग्णालयात पोचतो तेव्हा रक्तदाब ११०, नाडी १०८, पाठीवर खाली चरचर. आधीचे ३ कायम. नाडीचे २, किलिपचे २, उशिराचा १. एकूण ८. शक्यता २६.८ टक्के.

ही दोन चित्रं मी रंगवलेली आहेत आणि उशीर झाला की नाडी वाढतेच, असा काही नियम नाही. पण हृदयाचा स्नायू रक्तावाचून मिनिटामिनिटाला मरत असतो. तो जितका मरेल तितका पंप दुबळा होतो, फुफ्फुसात पाणी साचतं आणि नाडी धावू लागते. म्हणजे ३ चे ८ होण्यातला मोठा वाटा गेलेल्या वेळेचा असतो. आता केसपेपर बघा. त्यावर लिहिलेलं असतं: रुग्णाचा स्कोअर, आठ. मधले पाच गुण त्या माणसाच्या नावावर चढले. ते खरं तर कुंभीच्या पाण्याचे, न निघालेल्या ईसीजीचे, पित्ताच्या इंजेक्शनचे आणि न मिळालेल्या गाडीचे होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. रिस्क स्कोअर हे उत्तम मोजमाप आहे, पण ते व्यवस्थेची चूक रुग्णाच्या शरीरातला गुणधर्म म्हणून नोंदवतं. रस्त्याचा धोका त्याच्या छातीवर लिहितं.

हा तात्त्विक कीस नाही, आकड्यांत दिसणारी गोष्ट आहे. 'टिमी' ज्या चाचणीतून निघाला तिच्यात १४,११४ रुग्ण होते. सगळे दुखायला लागल्यापासून सहा तासांच्या आत पोचलेले आणि सगळ्यांना गुठळी विरघळवणारं औषध मिळालेलं. पुढे अमेरिकेतल्या ८४,०२९ रुग्णांच्या नोंदींवर हाच स्कोअर तपासला गेला. ज्यांची बंद रक्तवाहिनी औषधाने किंवा अँजिओप्लास्टीने उघडण्याचा प्रयत्न झाला, त्यांच्यात वर सांगितलेला जोड्यांचा आकडा शंभरात ७९-८० निघाला. ज्यांच्यावर असा कुठलाच उपचार झाला नाही, त्यांच्यात तो ६५ वर घसरला. याचा अर्थ असा की ज्यांना उपचार मिळतो त्यांचंच भविष्य हा तक्ता नीट सांगतो. ज्याला उपचारच मिळाला नाही त्याच्यासमोर तक्ताही चाचपडतो.

आणि आपल्याकडे उपचार मिळतो कुणाला? २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला 'क्रिएट' हा अभ्यास याबाबत मोलाचा आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्समधले डेनिस झेवियर, प्रेम पैस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतून २०,९३७ रुग्णांची माहिती जमवली. मोठा झटका आलेल्यांपैकी निम्म्यांना रुग्णालय गाठायला ३०० मिनिटांहून जास्त वेळ लागला होता. पाच तास. म्हणजे उशिराचा तो एक गुण बहुतेकांनी दारातच कमावलेला. महिन्याभरात गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. संशोधकांनी आधी वय, आजार, झटक्याची तीव्रता असे फरक हिशेबात घेऊन पाहिलं. दरी मिटली नाही. मग कुणाला कोणता उपचार मिळाला ते हिशेबात घेतलं, तेव्हा ती मिटली.

हा निष्कर्ष प्रत्येक जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे. गरिबाचं हृदय निराळं नसतं. स्कोअर जे मोजतो त्यात गरीब-श्रीमंतांच्या मृत्यूंमधला फरक नव्हताच, तो उपचारांत होता. त्यानंतर बरंच काही सुधारलं हेही खरं. राज्याची जीवनदायी योजना आली, ती आता महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत ३० हजारांच्या आत बांधून दिली, एरवी त्यासाठी लाखाच्या पुढे मोजावे लागत. अँजिओप्लास्टीचं दार पूर्वीपेक्षा बरंच उघडलं आहे. त्या दारापर्यंतचा रस्ता मात्र अजून ज्याचा त्याने तुडवायचा आहे.

आता स्कोअरच्या गैरवापराकडे वळतो, कारण ती भीती खरी आहे. न्यूयॉर्क राज्याने १९९० नंतर हृदयशस्त्रक्रिया आणि अँजिओप्लास्टी करणाऱ्यांचे निकाल जाहीर करायला सुरुवात केली. रुग्णांचा मूळ धोका हिशेबात घेऊनच ते जाहीर होत. तरीही पुढच्या अभ्यासांत दिसलं की शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे किलिपच्या चौथ्या वर्गातल्या रुग्णांची अँजिओप्लास्टी तिथे इतर राज्यांपेक्षा कमी होत होती. आपला निकाल बिघडू नये म्हणून डॉक्टर हात आखडता घेत होते. ज्यांना सर्वात जास्त गरज, त्यांच्याच वाट्याला नकार. शेवटी शॉकचे रुग्ण जाहीर निकालातून वगळावे लागले. आपल्याकडे तर निकाल जाहीर होत नसतानाही "आमच्याकडं सोय नाही, पुढं न्या" हे वाक्य सर्वांच्या परिचयाचं आहे. उद्या कुणी स्कोअर छापलेला कागद हातात ठेवून तेच वाक्य जास्त शास्त्रीय सुरात म्हणू लागला तर?

पण याच नाण्याची दुसरी बाजू स्कोअरच्या बाजूने बोलते. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे जुन्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, बारा तालुक्यांतून माणसं येतात. त्यांतली बरीच सगळीकडे फिरून, उशिरा, पैसे संपल्यावर येतात. अशा रुग्णालयात किती दगावले याचा नुसता आकडा काढला तर तो वाईटच दिसणार, आणि निवडक रुग्ण घेणाऱ्या चकचकीत रुग्णालयाचा चांगला दिसणार. आलेल्या रुग्णांचे गुण पाहता किती दगावणं अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात किती दगावले, हे शेजारी शेजारी ठेवलं तरच न्याय होतो. गंभीर रुग्णाला दारातून परत न पाठवणाऱ्या डॉक्टरला स्कोअर हाच आधार आहे.

खाटेशेजारी स्कोअर मोजल्याने जीव वाचतात का? याचीही परीक्षा झाली आहे. ऑस्ट्रेलियात आणि नंतर ब्रिटनमध्ये रुग्णालयांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटात 'ग्रेस' काढून त्यानुसार उपचार ठरवले, दुसऱ्यात नेहमीप्रमाणे. रुग्णांच्या अंतिम निकालात ठळक फरक पडला नाही. जिथे ईसीजी, कॅथलॅब आणि रुग्णवाहिका आधीच जाग्यावर आहेत, तिथे आणखी एका आकड्याने फार काही हलत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. याच्याशेजारी तमिळनाडूचा प्रयोग ठेवा. तिथे लहान रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांना जोडली, ईसीजी लगेच पाठवायची सोय केली, जवळच्या ठिकाणी गुठळीचं औषध देऊन मग रुग्ण पुढे हलवायचा असा क्रम बसवला. २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आलं. कुणाच्या वयाचे किंवा मधुमेहाचे गुण बदलले नव्हते, फक्त त्यांच्यापर्यंत उपचार पोचण्याचा क्रम बदलला होता. महाराष्ट्रानेही ग्रामीण रुग्णालयांतून ईसीजी दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याचा 'स्टेमी' प्रकल्प सुरू केला आहे. दिशा बरोबर आहे.

नातेवाइकांना टक्के सांगावेत का, हा एक वेगळाच गुंता. एका बोलण्यात त्यांच्या कानावर आधीच दोन टक्केवाऱ्या पडलेल्या असतात: "ब्लॉकेज नव्वद टक्के" आणि "पंपिंग पस्तीस टक्के". पंपिंग पस्तीस म्हणजे पासष्ट टक्के हृदय गेलं, अशी समजूत घरोघर आहे. निरोगी हृदयाचं पंपिंगही साठीच्या आसपासच असतं, हे कुणी सांगत नाही. त्यात तिसरी टक्केवारी घातली की गोंधळ वाढणार. शिवाय '१२ टक्के धोका' हे अशा शंभर माणसांबद्दलचं विधान आहे. आतल्या खाटेवरचा माणूस बारा टक्के मरत नाही, तो जगतो किंवा जातो. तरीही मी म्हणेन की "शंभरातली अठ्ठ्याऐंशी माणसं यातून उठतात" असं डॉक्टरने सांगावं. सगळ्यांना बहात्तर तास टांगून ठेवण्यापेक्षा ते जास्त प्रामाणिक आहे. जमीन गहाण टाकायची का, मुंबईच्या पोराला बोलवायचं का, असे निर्णय बाकड्यावर बसूनच होत असतात.

पण माझा मुख्य आग्रह दुसऱ्या एका कागदासाठी आहे. प्रत्येक रुग्णाचे गुण दोनदा लिहावेत. एकदा तो ज्या पहिल्या दारात पोचला तिथे, मग ते गगनबावड्याचं ग्रामीण रुग्णालय असो, राधानगरीतलं प्राथमिक आरोग्य केंद्र असो की खासगी डॉक्टरांचा दवाखाना. आणि पुन्हा एकदा जिथे रक्तवाहिनी उघडण्याचा उपचार झाला त्या शेवटच्या दारात. 'टिमी'ला प्रयोगशाळा लागत नाही. वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, घड्याळ, ईसीजी आणि पाठीवर लावलेला स्टेथोस्कोप पुरे. नर्सला दोन मिनिटांत जमेल. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा. जी बाकी उरेल ती रुग्णाच्या खात्यावर मांडायची नाही. ती तालुक्याच्या खात्यावर मांडायची.

अशी वजाबाकी वर्षभर तालुकावार, महिनावार केली की काय दिसेल याचा मला थोडा अंदाज आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावडा आणि शाहूवाडीची बाकी फुगलेली असेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा शहरालगतच्या गावांचंही हेच झालं असतं. चंदगडची पाटी कोरी राहील, कारण तिथला माणूस कोल्हापूरपेक्षा जवळचं म्हणून बेळगाव गाठतो. पुढे तो वाचला की गेला, याची इकडे कुणी विचारपूस करत नाही. आणि कदाचित शहरातल्याच एखाद्या पेठेतून, रुग्णालय हाकेवर असताना, मोठी बाकी निघेल. तिथे दोष रस्त्याचा नसून 'सकाळपर्यंत बघू'चा आहे हे कळेल. अंदाज बाजूला राहू देत. आकडे आले की बोलू.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. सरकारी केंद्रात आधीच रजिस्टरांचा ढीग आहे, त्यात आणखी एक. खरं आहे. पण झटक्याच्या रुग्णापुरते आठ रकाने हा काही डोंगर नव्हे, आणि त्याबदल्यात निरुपयोगी झालेली दोन रजिस्टरं खुशाल बंद करावीत. दुसरा आक्षेप असा की वाटेत गुण वाढले याचा दोष नेहमी व्यवस्थेचाच नसतो, काही झटके मुळातच उग्र असतात. तेही मान्य. एका रुग्णाच्या बाकीवरून कुणालाही धारेवर धरू नये. शंभर-दोनशे रुग्णांची बेरीज मात्र खोटं बोलत नाही. आणि जे घरीच गेले ते या कागदावर येणारच नाहीत, ही त्रुटी राहतेच. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकालाच डॉक्टरी कारणाचा दाखला असतो. बाकीच्यांपैकी किती जण 'झोपेतच गेले' म्हणून स्मशानात पोचले याचा हिशेब कुठलाही स्कोअर देत नाही.

हल्ली याहून मोठ्या यंत्रांची चर्चा असते. कृत्रिम बुद्धिमत्ता ईसीजी बघून वर्षभराचं भाकीत सांगेल म्हणतात. सांगो बापडी. ज्या केंद्रात ईसीजीचा कागद संपलेला असतो, तिथे ती काय वाचणार?

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने, वैद्यकीय महाविद्यालयाने आणि शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मिळून येत्या पावसाळ्याआधी हा दोन दारांचा तक्ता बारापैकी तीन तालुक्यांत तरी सुरू करावा: गगनबावडा, शाहूवाडी आणि चंदगड. चंदगडसाठी बेळगावच्या रुग्णालयांशी बोलावं लागेल, तर बोलावं. सीमाप्रश्न सुटेपर्यंत थांबण्याचं कारण नाही. वर्षअखेरीला तालुकावार बाकी वर्तमानपत्रात छापावी, रुग्णांची नावं न देता. आणि वाचकांना एवढंच सांगणं आहे. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर सोडा-लिंबू राहू द्या, १०८ लावा, ज्या पहिल्या दारात पोचाल तिथे ईसीजी काढायला लावा, आणि केसपेपरवर दुखायला लागल्याची वेळ लिहून घ्या.